धुळें-जळगांव रस्ता आणि मोटारीचा रंग

धुळ्याच्या देवपूर भागांतील एखाद्या गल्लींत सकाळीं साडेसहाच्या सुमारास उभें राहिलें, तर एक ठरलेलें दृश्य दृष्टीस पडतें. घरचा गृहस्थ चहाचा पेला कठड्यावर ठेवून बाहेर येतो, गाडीच्या डिकींतून पिवळें फडकें काढतो, तें दोनदां झटकतो आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीवरून टपापासून दारांपर्यंत मोठ्या मायेनें हात फिरवितो. काल सायंकाळीं जळगांवाहून परततांना बसलेली धूळ पांच मिनिटांत नाहींशी होते. मोटार चकचकीत दिसूं लागते. मग तो उरलेला चहा घेतो आणि पुन्हां त्याच रस्त्याला लागतो.

असा क्रम दोन-तीन वर्षें चालतो. एके दिवशीं तिरप्या उन्हांत बॉनेटकडे पाहतांना त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें दिसतात. रंगाची मूळची खोली हरपलेली दिसते. पुढच्या कडेवर मोहरीएवढे पांढुरके टवके आढळतात. तो रस्त्याला बोल लावतो, पुढें धांवणाऱ्या डंपरला बोल लावतो, खानदेशच्या उन्हाला बोल लावतो. हे तिघेहि निर्दोष नाहींत. पण अपराध्यांच्या यादींत पहिलें नांव त्या पिवळ्या फडक्याचें आहे, ही गोष्ट मात्र त्याच्या मनाला शिवत नाहीं.

प्रथम रस्त्याचाच विचार करूं जातां असें दिसतें कीं, धुळ्याहून जळगांव पूर्वेस सुमारें ९०-९५ किलोमीटरांवर आहे. मुकटी, पारोळें, एरंडोल, पाळधी हीं गांवें मागें टाकून बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला कीं शहर आलेंच. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वीं ६ क्रमांकाचा होता; २०१० सालच्या नव्या क्रमवारींत तो ५३ झाला. त्याच्या चौपदरीकरणाचें काम बरींच वर्षें चाललें आणि त्या काळांत खडी, मुरूम, वळणरस्ते व उडणारी भुकटी यांचा प्रवाशांना पुरेपूर परिचय झाला. ज्याला नोकरीधंद्यानिमित्त रोज जावें-यावें लागतें, त्याची मोटार वर्षांतले २५० दिवस धरले तरी ४७,००० किलोमीटर धांवते. शिवाय सकाळीं पूर्वेकडे आणि संध्याकाळीं पश्चिमेकडे तोंड असल्यामुळें दोन्ही वेळां सूर्य समोरच असतो. त्यामुळें चालकाच्या डोळ्यांना होणारा त्रास सर्वांना ठाऊक आहे. बॉनेटला होणारा त्रास कोणी विचारांत घेत नाहीं.

या रस्त्यावरील खडी कोठून येते? खानदेशची भूमि म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचे एकावर एक गोठलेले थर. धुळें आणि नंदुरबारकडच्या माळांवर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. त्या कोणा राजानें बांधलेल्या नाहींत. जमिनीला पडलेल्या भेगांतून वर आलेला शिलारस तेथेंच गोठला आणि भोंवतालचा मऊ भाग झिजून गेल्यावर ह्या भिंती उघड्या पडल्या. तोच हा काळा दगड, बेसाल्ट. त्यांतील खनिजें कठिणपणांत साध्या चाकूच्या पोलादाच्या तोडीचीं किंवा त्याहूनहि सरस आहेत. या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटीचे गोटे सांपडतात. तें द्रव्य तर कांचेवरहि ओरखडा काढतें. आपल्याकडची काळी माती ह्याच दगडाची झीज होऊन झालेली. तिच्यांतील चिकणमातीचा अंश मऊ असतो, परंतु न झिजलेल्या दगडाचे आणि गारेचे बारीक कण तिच्यांत मिसळलेले असतात. तात्पर्य, पारोळ्याच्या आसपास बॉनेटवर बसणारी निरुपद्रवी धूळ म्हणजे थोड्या पिठांत मिसळलेली कानसच होय.

आतां ज्याच्यावर ही कानस चालावयाची तो रंग किती जाड असतो, हें पाहण्यासारखें आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं मोटारीचा रंग म्हणजे दाराच्या रंगासारखा एक जाड लेप. वस्तुतः आधुनिक मोटारीवर पत्र्यापासून वरपर्यंत चार तरी थर असतात. अगदीं खालीं विजेच्या साहाय्यानें बसविलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांच्या वर पारदर्शक लॅकरचा थर, ज्याला रंगकाम करणारे कारागीर 'क्लिअर' म्हणतात. हे सर्व मिळून जाडी साधारणतः १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे लिहिण्याच्या एका कागदाएवढी. त्यांतील पारदर्शक थर अवघा ४० मायक्रॉनांच्या आसपास. माणसाचा केंससुद्धां बहुधा त्याहून जाड असतो. मोटारीचें सारें तेज ह्या वरच्या थरांत आहे. सूर्याचे अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात तीं मुख्यतः त्यांतच. तो एकदां झिजला कीं परत वाढत नाहीं.

जुन्या काळीं स्थिति निराळी होती. घोडागाड्यांच्या कारखान्यांतून आलेली पद्धत अशी कीं, तेलरंगाचे आणि वॉर्निशाचे अनेक हात द्यावयाचे व प्रत्येक हात सुकण्याची वाट पाहावयाची. एका मोटारीच्या रंगकामांत आठवडे जात. १९२४ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यू पाँट कंपनीचा 'ड्युको' नांवाचा नायट्रोसेल्युलोज रंग प्रथम आला आणि हें काम कांहीं तासांवर येऊन ठेपलें. त्या रंगाचें नांव आपल्याकडे इतकें रुळलें कीं, कपाटाला फवाऱ्यानें दिलेल्या रंगालाहि लोक ड्युकोच म्हणूं लागले. त्या रंगाची चमक लवकर मावळे, म्हणून मालक वरचेवर पॉलिश करीत. थर जाड असल्यामुळें तें खपूनहि जाई. आजच्या मालकानें ही संवय आजोबांकडून उचलली, पण आजोबांचा जाड रंग त्याच्या गाडीवर नाहीं. यंत्रानें एकदां जोरकस पॉलिश केलें तर पारदर्शक थरांतील कांहीं मायक्रॉन कायमचे उडून जातात. दर दिवाळीला असें पॉलिश करून घेणारा मनुष्य व्याज समजून मुद्दल खात असतो.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे फडक्याचा अपराध उघड होतो. रात्रभर बसलेल्या धुळीवर कोरडें कापड फिरविलें असतां धूळ नुसती पुसली जात नाहीं. ती कापडाखालीं दाबली जाऊन पृष्ठभागावरून ओढली जाते. प्रत्येक कठीण कण आपल्यामागें एक रेघ ठेवतो. हात गोलाकार फिरतो म्हणून रेघाहि गोल; तींच तीं जाळ्यासारखीं वर्तुळें. कापड मऊ आहे, जुन्या धोतराचें आहे, सुती आहे, हें सांगून उपयोग नाहीं, कारण घांसतें तें कापड नव्हे, घांसतात ते त्यांत अडकलेले कण. कांहीं चोखंदळ मालक कापडावर रॉकेलचे चार थेंब टाकीत. अजूनहि एखादा जुना चालक डिझेल वापरतो. त्यानें क्षणभर झळाळी येते खरी. पण तेलकट पृष्ठभागावर पुढची धूळ अधिक चिकटते आणि आधीं मेण दिलेलें असेल तर तें विरघळून जातें.

मग करावें काय? याचें उत्तर ऐकून कित्येक टापटिपीच्या गृहस्थांना धक्का बसेल. रोज कांहींच करूं नये. कांचा, आरसे आणि दिवे पाण्यानें स्वच्छ करावे, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. बाकीच्या गाडीवरची कोरडी धूळ आहे तशी राहूं द्यावी. जागच्या जागीं बसलेली धूळ रंगाचें कांहीं वाईट करीत नाहीं. वाईट होतें तें ती हलवितांना. शेजारी काय म्हणतील हा विचार आड येतो, हें मान्य. पण ज्या शहराच्या नांवांतच धूळ असल्याची थट्टा लोक करतात, तेथील माणसाला तरी धुळीची लाज वाटूं नये!

आठवड्यांतून एकदां मात्र गाडी नीट धुवावी. येथें पाण्याचा प्रश्न उभा राहतो. धुळें काय आणि जळगांव काय, नळाला रोज पाणी येतेंच अशी हमी नाहीं. उन्हाळ्यांत पाण्याचा दिवस ध्यानांत ठेवावा लागतो. नळी वीस मिनिटें सोडून ठेवणें हा अशा ठिकाणीं अविचार होय; तेवढ्यांत सुमारें दोनशें लिटर पाणी वाहून जातें. दोन बादल्या आणि एक तांब्या एवढ्यावर काम उत्तम होतें. सूर्य वर येण्यापूर्वीं, पत्रा थंड असतांना, प्रथम टपावरून तांब्यानें पाणी सोडावें आणि चार-पांच मिनिटें स्वस्थ बसावें. ही विश्रांति सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्या अवधींत माती भिजते, फुगते आणि आपण होऊन सुटते. घाई करणारा मनुष्य नेमकें हेंच गाळतो. नंतर एका बादलींत मोटारीचा शांपू कालवून मऊ हातमोज्यानें किंवा जाड लव असलेल्या मायक्रोफायबर कापडानें वरून खालीं सरळ हात ओढावे, आणि प्रत्येक भाग झाला कीं कापड दुसऱ्या बादलींतल्या स्वच्छ पाण्यांत खळबळून घ्यावें. चाकांजवळचा खालचा भाग शेवटीं. कपडे धुण्याची पावडर वापरूं नये. कापड जमिनीवर पडलें तर त्या दिवसापुरतें तें बाद समजावें. हा नियम कोणालाच आवडत नाहीं, पण त्याला अपवाद करूं नये. पाणी कूपनलिकेचें असल्यास गाडी लगेच टिपून कोरडी करावी. येथलें बहुतेक भूजल जड आहे. उन्हांत तें आपोआप वाळलें तर क्षारांचे पांढरे गोल ठिपके उरतात व पुढें घासूनहि निघत नाहींत.

ज्यांच्याकडे गाडी पुसावयास मुलगा येतो, त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. वसाहतींतल्या वीस-पंचवीस गाड्या तो एकाच कापडानें आणि एकाच गढूळ बादलीनें उरकतो. एका गाडीची रेती दुसरीला लागते. त्यांत त्याचा दोष नाहीं. रोज पुसण्याची अट मालकांनींच घातलेली असते. तेवढ्याच पैशांत त्याला आठवड्यांतून एकदां नीट धुण्यास सांगावें आणि दोन चांगलीं कापडें घरचीं द्यावीं. त्याचेहि कष्ट वांचतील व गाडीहि वांचेल.

दगडांचे टवके ही निराळी बाब. येथें सारा प्रश्न वेगाचा आणि अंतराचा आहे. आघाताचें बळ वेगाच्या वर्गानें वाढतें. तीच खडी ताशी ८० किलोमीटरांनीं जाणाऱ्या बॉनेटवर आदळली आणि ११० किलोमीटरांनीं जाणाऱ्यावर आदळली, तर दुसऱ्या वेळचा घाव पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. गिरणेच्या परिसरांतून वाळू नेणारे ट्रॅक्टर आणि खाणींवरून खडी नेणारे डंपर ताडपत्री न टाकतां निघाले, तर वाटेंत थोडाथोडा माल सांडतच जातात. पण पुष्कळसे टवके सांडलेल्या मालाचे नसतात, तर पुढल्या गाडीच्या चाकानें रस्त्यावरून उचललेल्या खड्याचे असतात. असा खडा हवेंत क्षणभरच राहतो आणि खालीं येतो. पुढल्या गाडीपासून तीन सेकंदांचें अंतर ठेवलें, म्हणजे ८० च्या वेगाला ६५ मीटरांहून अधिक, तर बहुतेक खडे गाडी पोंचण्यापूर्वीं जमिनीवर पडलेले असतात. अपघात टाळण्यासाठीं सांगितलेलें अंतर येथें आयतेंच उपयोगीं पडतें. नव्यानें डांबर घालून वर कच पसरलेली असेल तेथें वेग ४० च्या खालीं आणणें एवढाच उपाय. अशा ठिकाणीं उडालेले डांबराचे शिंतोडे नखानें खरवडूं नयेत. गोडें तेल लावून दहा मिनिटें ठेवलें कीं ते मऊ होतात, मग पुसून साबणाच्या पाण्यानें जागा धुवावी.

दुकानदार आज अनेक प्रकारचीं कवचें पुढें करतात. त्यांच्याविषयीं स्पष्ट बोललेलें बरें. सिरॅमिक कोटिंग म्हणून जो लेप देतात, तो कांहीं मायक्रॉनांचाच असतो. त्यावर पाणी ठरत नाहीं, मळ लवकर सुटतो, धुणें सोपें होतें. परंतु उडत्या खडीला तो अडवील असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. खडीला खरोखर अडवितो तो पॉलियुरेथेनचा पारदर्शक पडदा, ज्याला पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणतात. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूचा मारा लागूं नये म्हणून अशा पट्ट्या निघाल्या. पुढें त्या मोटारींवर आल्या. त्याची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे सबंध रंगाहून अधिक. मात्र तो महाग आहे, आणि सबंध गाडीला गुंडाळून घेणें रोजच्या प्रवाशाला परवडण्यासारखें नाहीं. बॉनेटची पुढची दीड-दोन वीत पट्टी, टपाची पुढची कड, कांचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि मागच्या चाकांपुढील कोपरे, एवढ्यावर पडदा लावला तरी खर्चाच्या मानानें पुष्कळ काम होतें. बंपर वगळला तरी चालेल. तो प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाहीं.

मेणाची गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. उत्तम समजलें जाणारें कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळतें आणि ८० अंशांच्या थोडें वर वितळतें. थंड देशांत ही मर्यादा कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. पण जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत हवेचेंच तपमान ४५ अंशांपर्यंत आणि क्वचित् त्याहूनहि वर जातें. तेथें दुपारच्या उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांपुढें तापतो. मेण वितळलें नाहीं तरी मऊ पडतें व धुळीला धरून ठेवतें. म्हणून या बाजूला कृत्रिम सीलंट बरें; एकदां फाल्गुनांत, उन्हाळा लागण्यापूर्वीं, आणि एकदां पावसाळा संपल्यावर.

उन्हावर सावली हाच उपाय, पण सावलींतहि निवड करावी लागते. कडुनिंबाखालीं गाडी उभी केली तर पांखरांची विष्ठा आणि झाडावरील किडींचा चिकट स्राव टपावर पडतो. तापून मऊ झालेल्या लॅकरवर विष्ठा वाळली कीं रंगावर कायमचा डाग उमटतो. एका दुपारींहि तें घडूं शकतें. अशा वेळीं ओलें कापड त्यावर पांच मिनिटें ठेवावें आणि मग उचलून घ्यावें, घासूं नये. भिंतीची किंवा पत्र्याच्या छपराची सावली मिळाली तर झाडापेक्षां ती पत्करावी. कापडी आच्छादन बंद जागेंत चांगलें. उघड्या मैदानावर वैशाखाच्या वाऱ्यांत तें फडफडत राहतें आणि खालीं अडकलेल्या धुळीनें दिवसभर गाडी घांसली जाते. हौसेनें घेतलेल्या आच्छादनानें कित्येक गाड्यांचे कोपरे पार मंद झालेले आहेत.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, ती व्हावीच. पण ओल्या हळदी-कुंकवाचें स्वस्तिक बॉनेटवर काढून तें आठवडाभर ठेवणें आणि झेंडूची माळ सुकेपर्यंत तशीच लोंबत ठेवणें रंगाला मानवत नाहीं. भिजलेल्या फुलांचा पिवळा डाग पांढऱ्या गाडीवर हटवादीपणानें टिकतो, आणि माळेंत तार असली तर प्रत्येक खड्ड्यागणिक ती रंगावर घांसते. स्वस्तिक कांचेच्या कोपऱ्यांत काढलें आणि माळ दुसऱ्या दिवशीं उतरविली, तर धर्मालाहि बाध येत नाहीं.

एवढें करूनहि टवके उडणारच. तेथें खरी घाई हवी, आणि नेमकी तेथेंच माणसें आळस करतात. टवका नुसत्या रंगापुरता असेल तर तो केवळ कुरूप दिसतो. पत्र्यापर्यंत गेलेला असेल तर त्या ठिकाणीं गंज बसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा लागते, म्हणून तो भोंवतालच्या रंगाखालीं शिरून त्याला वर उचलतो, आणि मोहरीएवढ्या खुणेचा दोन पावसाळ्यांत रुपयाएवढा फोड होतो. मग रंगाऱ्याकडे जाऊन सबंध बॉनेट करून घ्यावें लागतें, आणि कारखान्यांतील भट्टींत भाजलेल्या रंगाची सर गॅरेजमधल्या फवाऱ्याला सहसा येत नाहीं. खानदेशांत पाऊस कोंकणच्या मानानें फारच थोडा, हें खरें; पण येथील काळा चिखल चाकांच्या खोबणींत थापून बसतो व पाऊस थांबल्यावरहि कित्येक दिवस आंत ओलावा धरून ठेवतो. दारांच्या खालच्या कडा आणि मडगार्डची आंतली बाजू म्हणूनच आधीं सडते. पावसाळ्यांत दर आठवड्याला हा चिखल पाण्यानें भिजवून काढून टाकावा.

टवका बुजविण्याचें काम घरच्या घरीं होण्यासारखें आहे. गाडीच्या रंगाचा संकेतांक दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालीं चिकटविलेल्या पट्टीवर बहुधा आढळतो. त्यावरून टच-अपची लहान बाटली मागवितां येते. जागा धुवून, स्पिरिटानें पुसून, गंज दिसत असल्यास काडीच्या टोंकाला गुंडाळलेल्या बारीक पॉलिशपेपरानें तो काढून टाकावा. मग प्रायमरचा एक ठिपका, तो सुकल्यावर रंगाचे दोन पातळ ठिपके, शेवटीं पारदर्शक लॅकरचा एक. एकच जाड थेंब देण्याचा मोह टाळावा. तो वरून सुकतो, आंत ओला राहतो. बाटली हाताशीं नसेल तर घरांतल्या मुलीच्या नखांना लावावयाचा पारदर्शक रंग तात्पुरता चालतो; त्यांतील नायट्रोसेल्युलोज हें त्या जुन्या ड्युकोच्याच कुळांतलें.

हें सर्व सावलींत, सकाळच्या गार वेळीं करावें. मृग नक्षत्र लागण्यापूर्वींचा एखादा रविवार ह्या कामासाठीं राखून ठेवला, तर बॉनेटवरचे दहा-बारा ठिपके भरावयास आणि सुकावयास दुपारच्या जेवणाची वेळ होते.